कुसुमकाकूंचा चोवीस इंची

मागे एकदा बिलासपूरच्या एका दुकानात मी टीव्ही पाहायला गेले होते. सेल्समन मोठ्या उत्साहाने पडद्यावरचे धबधबे आणि पोपट दाखवत होता. मी त्याला म्हटलं, "भैया, आता हा जरा बंद करून दाखवा." त्याचा चेहराच उतरला. "मॅडम, पसंद नहीं आया क्या?" मी म्हटलं, पसंतीचं नंतर पाहू, आधी बंद करा. त्याने बंद केला. मग मी त्या काळ्या पडद्यासमोर उभी राहिले आणि त्यात दुकानाचं दार, बाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकली आणि रस्त्यापलीकडचा गुपचुपवाला, म्हणजे आपला पाणीपुरीवाला, हे सगळं नीट पाहून घेतलं. "नको," मी म्हटलं, "यात सगळी दुनिया दिसते."

माझ्यासोबत आलेली बँकेतली मैत्रीण माझ्याकडे पाहतच राहिली. बंद टीव्ही पाहून टीव्ही निवडणारी बाई तिने आयुष्यात पाहिली नव्हती. तिचा काय दोष! तिने कुसुमकाकूंना पाहिलं नव्हतं.

कुसुमकाकू धोटे म्हणजे भिलाईच्या सेक्टर सहामधल्या आमच्या शेजारीण. त्यांचे यजमान धोटेकाका स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते, माझे बाबाही प्लांटमध्येच. दोन्ही घरं विदर्भातली, काकूंचं माहेर वर्ध्याकडचं. लग्न होऊन त्या क्वार्टरमध्ये आल्या त्या तिथेच राहिल्या. ठेंगणा बांधा, चालणं भराभर, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला त्या भाजीवाल्याशी बोलल्या की त्या टोकाच्या घरात भाव समजायचा. गल्लीत कोणालाही टीव्ही घ्यायचा झाला की तो आधी काकूंकडे यायचा. मग काकू आमच्या फाटकाशी येऊन हाक मारायच्या, "वंदे, गाडी काढ!" माझं नाव वंदना, आणि माझ्याकडे स्कूटी होती. या सगळ्या कथेत माझी पात्रता एवढीच.

टाउनशिपमध्ये न राहिलेल्या माणसाला काकूंची विद्या कळायला जरा वेळ लागेल. कंपनीच्या क्वार्टरचे टाइप असतात, आणि एका टाइपचं प्रत्येक क्वार्टर अगदी सारखं असतं. दार तिथेच, खिडकी तिथेच, पंख्याचं बटण तिथेच. पाहुणे म्हणून कोणाकडेही जा, न विचारता हात धुवायला जाता यायचं. एकदा भर दुपारी धोटेकाका ड्यूटीवरून आले ते सरळ आमच्या घरात शिरले, चपला काढल्या, दिवाणावर बसले आणि पाणी मागितलं. आईने पाणी दिलं. अर्धा ग्लास संपल्यावर त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. "हे कॅलेंडर आमचं नाई," ते म्हणाले, उरलेलं पाणी शांतपणे संपवलं आणि चपला घालून आपल्या घरी गेले.

तर सगळ्यांच्या खोल्या सारख्या म्हणजे सगळ्यांच्या टीव्हीची अडचणही सारखी. दिवाण एकाच भिंतीला लागायचा, कारण बाकीच्या भिंती दारांनी खाल्लेल्या. टीव्ही त्याच्या समोरच ठेवावा लागायचा. काकूंनी हे अंतर एकदा आपल्या घरात सुतळीने मोजलं आणि सुतळीला गाठ मारली. दुसरी गाठ भिंतीच्या रुंदीची. ती सुतळी त्यांच्या पर्समध्ये कायम असायची, आणि तेवढ्या जोरावर त्या आमच्या टाइपमधल्या कोणाच्याही घरासाठी त्याचं घर न पाहता टीव्ही निवडू शकायच्या.

"पह्यले भिंत पाह्य, मंग टीव्ही पाह्य," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुकानात पाय ठेवायच्या आधीच त्या ते गिऱ्हाइकाला ऐकवायच्या. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या गल्लीतलं कोणीतरी, बहुतेक वेळा खिशात मोजके पैसे आणि डोळ्यात मोठी स्वप्नं असलेलं.

दुकानातलं त्यांचं वागणं पाहण्यासारखं असायचं. पहिल्यांदा त्या पोपट बंद करायला लावायच्या. "भैया, तोते को बंद करो. हमारे घर में तोता नहीं आता, समाचार आता है." मग बातम्या लावल्या जायच्या, खाली पळणाऱ्या ओळी त्या सुतळीच्या गाठीएवढ्या अंतरावरून मोठ्याने वाचून पाहायच्या. मग म्हणायच्या, "पंखा चालू करो." सेल्समन म्हणायचा, काकीजी, एसी सुरू आहे. "एसी तुम्हारे यहाँ है, हमारे यहाँ पंखा है. पंखे में आवाज सुनना है." एकदा तर त्यांनी दुकानातले सगळे पंखे फुल करायला लावले. काउंटरवरची बिलं उडाली, मालक स्वतः ती गोळा करत फिरत होता, आणि काकू कान टवकारून मालिकेतली सासू काय म्हणते ते ऐकत होत्या. "ऐकू येते," त्यांनी जाहीर केलं, "पन रडते तवा समजत नाई. दुसरा दाखवा."

शेवटची परीक्षा बंद टीव्हीची. आमच्या क्वार्टरांत खिडकी टीव्हीच्या बरोबर समोर यायची. ज्या पडद्यात दुकानाचं दार चकचकीत दिसलं तो नापास. काकू म्हणायच्या, "दुपारी टीव्ही लावशीन तं त्यात हिरोइन कमी अन् खिडकी जास्त दिसन."

गल्लीच्या टोकाला साहूभैया राहायचे. स्वभावाने देवमाणूस, पण घाई फार. त्यांनी काकूंना न विचारता मोबाइलवरच्या सेलमधून एक अगडबंब टीव्ही मागवला. खोका दारातून आत जाईना म्हणून तो अंगणातच फोडला. भिंतीवर टीव्ही बसवला तेव्हा लक्षात आलं की स्विचबोर्ड त्याच्यामागे गेला. आता पंखा लावायचा तर टीव्हीमागे हात घालून चाचपडावं लागायचं. क्रिकेटच्या एका सामन्यात शेवटची ओव्हर सुरू होती, भाभींना उकडलं म्हणून त्यांनी मागे हात घातला, आणि पंख्याऐवजी टीव्हीचंच बटण दाबलं गेलं. त्या घरात त्या रात्री भाजी कोणी वाढली नाही असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी साहूभैया खाली मान घालून काकूंकडे आले. काकूंनी जाऊन पाहिलं. दिवाणावर बसल्या, डावीकडून उजवीकडे मान फिरवून पडदा पाहिला, मग उठून सुतळी लावली.

"टीव्ही चांगला है साहू," त्या म्हणाल्या, "अब इसके लिए घर देखो."

काकू कोणालाही मदत करायच्या असं मात्र नाही. एकदा मोठ्या टाइपच्या बंगल्यात राहणारे एक साहेब कोणाकडून तरी त्यांची कीर्ती ऐकून गाडी घेऊन आले. काकूंनी त्यांना चहा पाजला, चिवडा दिला आणि सल्ला द्यायला साफ नकार दिला. त्यांचं घर आपल्या टाइपचं नाही, आपल्याला त्यातलं कळत नाही, असं हात जोडून सांगितलं. साहेब गेल्यावर मी विचारलं, "कावून नाई म्हटलं काकू? जाऊन मोजून आलो असतो." काकू कपबशा उचलत म्हणाल्या, "ज्याले कंपनीनं मोठी भिंत देल्ली, त्याले सल्ला बी कंपनीच देईन."

आता गंमत अशी की साऱ्या गल्लीला नवे टीव्ही घेऊन देणाऱ्या काकूंच्या स्वतःच्या घरात जुना, पोट सुटलेला, डबा टीव्ही होता. त्याचा डावा कोपरा हिरवा झाला होता. पडद्यावरचं माणूस चालत चालत त्या कोपऱ्यात गेलं की त्याचा चेहरा कारल्यासारखा हिरवा व्हायचा. काकूंना त्याची इतकी सवय झाली होती की त्या त्यावरून मालिकेचं भविष्य सांगायच्या. "हिरवी झाली पाह्य. आता तिचं काही खरं नाई."

आणि तरी रोज दुपारी जेवणं आटोपली की गल्लीतल्या साऱ्या बाया आपापले नवे, सपाट, स्वच्छ टीव्ही घरी बंद करून काकूंकडे यायच्या. साहूभाभी यायच्या, समोरच्या लक्ष्मीअम्मा आपलं तेलुगू विणकाम घेऊन यायच्या (विणकाम तेलुगू कसं, ते विचारू नका, टाके मोजायच्या त्या तेलुगूत), सुटी असली की मीही. काकू परातीत मुरमुरे, फुटाणे आणि कांदा कालवून मध्ये ठेवायच्या. मालिका हिंदी, शेरे चार भाषांत. एखादीच्या घरी दुखणं असलं, कोणाच्या पोराचा रिझल्ट बिघडला, कोणाची सासू येऊन बसली, सगळं त्या तासात निघायचं आणि बरंचसं तिथेच निकालात निघायचं. काकूंचा खरा संसार त्या एका तासाचा होता असं मला वाटायचं. बाकी वेळ त्या त्याची तयारी करायच्या.

मग धोटेकाका रिटायर झाले.

कंपनीचं क्वार्टर नोकरीपुरतं असतं, हे टाउनशिपमधल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कोणालाच खरं वाटत नाही. काकांनी टाउनशिपबाहेर खुर्सीपारला एक जुनं घर घेतलं. हाती आलेला पैसा त्यात, त्याच्या छपरात आणि पाण्याच्या टाकीत गेला. मुलगा नितीन पुण्याला, त्याच्या फ्लॅटचे हप्ते नुकते सुरू झालेले. क्वार्टर सोडायच्या तोंडावर हिरव्या कोपऱ्याच्या टीव्हीनेही प्राण सोडला. आधी हिरवा रंग सगळीकडे पसरला, मग एक रेघ उरली, मग तीही गेली. काकू त्याच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं केलं बाप्पा, तुले उचलून नेनं मले जमलंच नसतं."

नितीनने फोनवर सांगितलं, आई, मी इथून ऑर्डर करतो, मोठा घेऊ. काकूंनी त्याला हप्त्यांची आठवण करून दिली. घरखर्चातून मागे टाकलेले त्यांचे स्वतःचे थोडे पैसे होते, तेवढ्यात बसेल तोच टीव्ही घ्यायचा हे त्यांनी ठरवलं होतं. रविवारी सकाळी फाटकाशी हाक आली, "वंदे, गाडी काढ!"

वाटेत त्या गप्प होत्या. माझ्या स्कूटीवर काकू गप्प बसल्या आहेत हे इतकं नवलाचं होतं की मी दोनदा मागे वळून त्या आहेत ना ते पाहिलं. सिग्नलला थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "वंदे, खरं सांगू का? टीव्हीचं मले काही नाई. मले भेव या गोष्टीचं वाटते का तिथं दुपारी माह्याकडं कोनी येईन का नाई."

"येतील ना काकू. कावून नाई येनार?"

"कोन येईन? इथून तं लक्ष्मीअम्माचे गुडघे तिथपर्यंत पोचत नाई. अन् तिथं मले कोन ओयखते?"

सिग्नल हिरवा झाला.

दुकानात शिरल्यावर मात्र काकू पुन्हा काकू झाल्या. पोपट बंद झाले, पंखे सुरू झाले. चोवीस इंचाचा एक टीव्ही त्यांनी निवडला, बातम्या वाचून पाहिल्या, सासूचं रडणं ऐकून पाहिलं, बंद करून खिडकी तपासली. पास. सेल्समन हुशार होता, त्याने हळूच शेजारचा बत्तीस इंची सुरू केला. "काकीजी, थोड़ा सा और डाल दो. पैसा बाद में भी दे सकते हो. फर्क देखो."

फरक दिसत होता. काकूंनी तो बराच वेळ पाहिला. एकदा पर्सवर हात गेला, तिथेच थांबला. मला वाटलं, आता घेतात. मग त्यांनी पर्समधून पैशांऐवजी सुतळी काढली, सेल्समनला एक टोक धरायला दिलं, आपण गाठीपाशी उभ्या राहिल्या आणि दोन्ही टीव्ही आळीपाळीने पाहिले.

"बत्तीस आपल्या खोलीले मोठा होते," त्यांनी निकाल दिला. "उगाच डोळे दुखतीन. चोवीस बराबर हाय."

मीही मान डोलावली. सुतळी कधी चुकलीच नव्हती. चोवीस इंची खोका मांडीवर घेऊन काकू माझ्या मागे बसल्या आणि परत येताना वाटेत भेटलेल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला त्यांनी तो दाखवला.

खुर्सीपारच्या घरात सामान लागल्यावर टीव्ही बसवायला माणूस आला, त्या दिवशी मी मदतीला गेले होते. घर रस्त्याच्या कडेला, अरुंद आणि आत लांबच लांब गेलेलं. प्लग फक्त दाराजवळच्या भिंतीत होता, त्यामुळे टीव्ही तिथे लागला. दिवाण मध्ये कुठेच बसेना, एका बाजूला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या बाजूला जिना. तो खोलीच्या पार आतल्या टोकाला गेला. माणूस टीव्ही सुरू करून, सही घेऊन निघून गेला. आम्ही तिघं जाऊन दिवाणावर बसलो.

पडदा दूरवर कुठेतरी चमकत होता. काकांचा मोतीबिंदू नुकताच सुरू झालेला. ते बराच वेळ डोळे बारीक करून पाहत होते. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "छान हाय. बातम्या देनारा बुवा हाय का बाई?"

मला हसू आवरेना. काकू हसल्या नाहीत. त्या उठल्या, पर्स आणली, सुतळी काढली, तिचं एक टोक टीव्हीखालच्या भिंतीला लावून मला धरायला सांगितलं आणि दुसरं टोक घेऊन दिवाणाकडे निघाल्या. गाठ आली ती खोलीच्या जेमतेम निम्म्यावर. रिकाम्या फरशीवर, मधोमध, गाठ धरून काकू उभ्या राहिल्या. साऱ्या जन्मात 'खोली' म्हटलं की एकच खोली त्यांच्या डोळ्यांसमोर यायची. आमच्या सगळ्यांच्याच यायची. दुकानात 'आपली खोली' म्हणताना आपण कोणत्या खोलीबद्दल बोलतोय हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

"सुतळी बराबर हाय," काकू शेवटी म्हणाल्या. "घर चुकलं."

दुकानात फोन केला. खोका फोडलेला टीव्ही परत घेत नाहीत, बदलून द्यायचा तर आणखी पैसे, आणि ते नव्हते. नितीनला सांगायचं नाही असं मला बजावण्यात आलं. काकांनी दिवाण तिरपा लावून पाहिला, तेव्हा स्वयंपाकघरात जायला दिवाणावरून चढून जावं लागायला लागलं. तो पुन्हा मागे गेला.

त्यानंतर एका दुपारी मी गेले. गल्लीत सामसूम. समोरच्या, शेजारच्या, पलीकडच्या, सगळ्या दारांना कुलपं. इथल्या बाया कोणी ठेकेदाराकडे, कोणी सेक्टरातल्या घरांत कामाला, दुपारी घरी असणार कोण? काकू टीव्हीजवळ प्लास्टिकच्या स्टुलावर एकट्याच बसल्या होत्या. दिवाणावर काका झोपलेले. परातीत मुरमुरे कालवलेले होते, तिघांना पुरून उरतील एवढे. सवय, दुसरं काय! "बरं झालं आली," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीअम्मा एक खेप येऊन गेली. दोन ऑटो बदलून आली बिचारी. आता मीच सांगतलं, येत नको जाऊ." मग परात माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "त्या साऱ्या जनी आता साहूकडं बसतेत म्हने. तिथं टीव्ही मोठा हाय ना." हे त्या हसत म्हणाल्या, आणि मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मालिकेत काय झालं ते मला आठवत नाही, काकूंनाही आठवत नसावं, कारण त्यांनी एकही शेरा मारला नाही.

मग बँकेने माझी बदली केली. बिलासपूरला रुजू व्हायचं होतं, बांधाबांध, निरोप, कागदपत्रं यात दिवस गेले. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी काकूंना भेटायला गेले. खरं सांगायचं तर जायचं मनावर ओझं होतं. त्या स्टुलावर एकट्या बसलेल्या काकूंचा निरोप कसा घ्यायचा, याची मी वाटभर तयारी करत होते.

गल्लीच्या तोंडाशीच मला हसण्याचा आवाज आला. काकूंच्या दारापुढे चपलांचा ढीग पडला होता. दार सताड उघडं, आणि दारातून आत जायला जागा नव्हती. उंबऱ्यावर बाया, उंबऱ्याच्या बाहेर ओट्यावर बाया, आत टीव्हीच्या पुढ्यात चटयांवर बाया, एकीच्या मांडीला एकीची मांडी लागलेली. कोणी कामावरून सरळ आलेली, डबा शेजारी ठेवून बसलेली. चोवीस इंचाच्या त्या पडद्यापुढे सगळ्या अशा दाटून बसल्या होत्या की मागची सारी खोली आणि तो दिवाण ओस पडला होता. काकासुद्धा दिवाणावर नव्हते. ते बाहेर ओट्यावर खुर्चीत बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होते.

"काका, हे काय?"

काकांनी आवाज खाली केला. "ती समोरची दुलारी हाय ना, ती एक दिवस कामावरून आल्यावर दही जमवाले विरजन मागाले आली. मी अन् तुही काकू दिवानावर बसून टीव्ही पाहून राहिलो होतो. तं दुलारी म्हनते, 'अतेक दुरिहा ले का दिखथे काकी?' एवढ्या लांबून काय दिसते म्हने. अन् बसली न खाली, टीव्हीच्या समोर, विरजनाची वाटी हातात घेऊन. आता दुपारची मालिका संध्याकाळी पुन्हा लागते ना, तं दुसऱ्या दिवशी ती बहिनीले घेऊन आली. तिसऱ्या दिवशी..." त्यांनी शेंगेने चपलांच्या ढिगाकडे बोट केलं.

मी उंबऱ्याशी वाकून आत पाहिलं. काकू बरोबर मध्ये बसल्या होत्या. परात हातोहात फिरत होती. "आता पाह्य, आता इसको सब पता चलेगा," त्या दुलारीला सांगत होत्या, आणि दुलारी म्हणत होती, "नइ पता चलय काकी, ये ह निच्चट भोकवी हे," म्हणजे ही अगदीच बावळट आहे, हिला काही कळायचं नाही. साऱ्या जणी हसल्या. काकू सगळ्यात मोठ्याने.

"काकू!" मी हाक मारली.

"आली का वंदे! ये, ये, बस." पडद्यावरची नजर न काढता त्यांनी शेजारची फरशी थोपटली. फरशी कुठली, तिथे दुलारीचा गुडघा होता. "थोरिक घुच ना ओ," कोणीतरी पुढच्या ओळीला सरकायला सांगितलं, अख्खी ओळ वीतभर सरकली आणि मी कशीबशी आत शिरले. कोणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत, माझी पर्स कोणाच्या तरी मांडीवर.

"काकू, टीव्ही चालला मग," मी कानाशी म्हटलं.

"चालला म्हंजे?" काकूंना माझा सूर आवडला नाही. "मी सांगतलं नव्हतं का चोवीस बराबर हाय म्हनून? टीव्ही लहान नाई पोरी. आपनच दूर बसून राहिलो होतो."

त्यापुढे बोलायची सोयच नव्हती. जाहिराती लागल्या तेव्हा मी सांगितलं की उद्या जातेय, निरोप घ्यायला आलेय. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, जेवत जा म्हणाल्या, एकटी राहू नको, शेजारच्यांशी ओळख ठेव म्हणाल्या, आणि हे सगळं अगदी घाईघाईने, कारण जाहिराती संपत आल्या होत्या. मी उठले. मी उठले तशी माझी जागा दोन्ही बाजूंनी मिटली. उंबऱ्यापर्यंत पोचून मी मागे वळले. मी कुठेही निघाले की फाटकापर्यंत, कधी गल्लीच्या टोकापर्यंत सोबत येणाऱ्या काकू या वेळी जागच्या हलल्या नव्हत्या. बायांच्या डोक्यांमधून त्यांनी मान उंच केली, अपराधी आणि आनंदी अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओरडून म्हणाल्या, "वंदे, मी पोचवाले येत नाई हं! उठली तं जागा जाईन माही!"